औषधाला दिलेली सुट्टी

माझा कॅन्सर माझ्यापेक्षा हुशार निघाला. मी सातवीत दोनदा बसले तरी गणित डोक्यात शिरलं नाही, आणि यानं वर्षभरात अख्खं औषध पाठ करून टाकलं. आधी ज्या औषधानं तो आक्रसला होता, त्याच औषधात बसून पुढं तो वाढायला लागला. मग डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. त्यानं रोग थोडा थांबला आणि मी पुष्कळ थांबले. जिना चढता येईना, भात गिळता येईना. आणि एका दुपारी अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजी, आता काही महिने सगळंच बंद ठेवू. औषधाला सुट्टी देऊ."

हे लिहिते आहे ते त्या सुट्टीबद्दल. कॅन्सर झाला हे कळल्यावर काय होतं ते सांगणारे पुष्कळ भेटतात. औषध चालेनासं झाल्यावर घरात काय होतं ते कोणी सांगत नाही. आमच्या घरात जे झालं ते ऐकून हसू आलं तर हसा. मीही हसते, पण आता.

*

आधी मागचं थोडं सांगते.

शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा ते मूळव्याधीचं आहे हे निदान मी स्वतःच केलं. काही वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, आत्मविश्वास काय वर्णावा! गल्लीतल्या बायकांना सुरणाची भाजी आणि ताकात जिरेपूड असले इलाज सांगत फिरायची. स्वतःवरही तेच केले. अर्धं वर्ष सुरण खाल्लं. सुरणाचा काही दोष नाही, ते बिचारं मूळव्याध शोधत असेल.

शेवटी सून वैशाली ओढून घेऊन गेली. अकोल्यातच दुर्बिणीची तपासणी ठरली. तपासणीला जायचं म्हणून बाईसाहेबांनी, म्हणजे मी, नवी कोरी निळी साडी काढली, केसांना तेल लावून अंबाडा घातला. तिथं गेल्यावर त्यांनी साडी उतरवून मागून उघडा हिरवा झगा हातात दिला. अंबाडा कोणी पाहिलासुद्धा नाही.

तिथून अमरावतीला पाठवलं, नसरीन मॅडमकडे. कॅन्सरच्या औषधांची डॉक्टर, वयानं माझ्या मुलीसारखी. आत शिरतानाच माझ्या मुलानं, प्रशांतनं, तिला डोळ्यांनी खुणावलं, की म्हातारीला सांगू नका. ती म्हणाली, "दादा, डोळ्यात काही गेलं काय? बाहेर नळ आहे, धुऊन या." आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून तिनं मलाच सांगितलं. मोठ्या आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची आहे, यकृतावरही डाग आहेत.

एवढं ऐकून मी काय विचारावं? "मग संध्याकाळच्या सैपाकाले घरी पोचू नं?"

ती हसली नाही. "पोचाल," म्हणाली.

आमचे बुढेही बरोबर होते. बुढे म्हणजे माझे यजमान. वऱ्हाडात म्हाताऱ्या नवऱ्याला लाडानं असंच म्हणतात, रागानंही असंच. अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते वजनकाट्यावर होते, आणि नोकरीच्या आधी-नंतर वावर, म्हणजे शेत. त्यांनी डॉक्टरकडे नीट पाहून विचारलं, "तुमी कोनाच्या?"

"अकोटची आहे, काका. अब्बाचं गाद्या भरायचं दुकान होतं, बाजाराकडे."

"मंग आमच्याच जिनाची रुई जात असन तुमच्याकडे," बुढे म्हणाले, आणि त्यांच्यापुरतं ठरलं. मुंबई-नागपूरच्या गोष्टी प्रशांतनं पुढं कितीही केल्या, बुढ्यांचं एकच. "रुईच्या घरची पोरगी हाय, खोटं वजन सांगनार नाई."

*

ऑपरेशन झालं, मग सलाईन सुरू झालं. दर पंधरवड्याला अकोल्याहून अमरावती. सकाळी रक्त द्यायचं, आकडे बरे आले की लांब खुर्चीत आडवं व्हायचं आणि थेंब मोजत पडायचं. शेजारच्या खुर्चीत कोण कधी असेल ते सांगता येत नसे. एखादा चेहरा दोन-तीन खेपा दिसायचा नाही आणि आम्ही एकमेकींना त्याबद्दल विचारायचो नाही. भाजीचे भाव विचारायचो. संध्याकाळी एक औषधाची बाटली कमरेला बांधून घरी पाठवत. दोन दिवस ती पदराखाली थेंब थेंब आत जात राहायची. मूर्तिजापूरला बसमध्ये गर्दी झाली की मी शेजारणीला म्हणायची, "बाई, जरा सांभाळून, पोटाशी हाय." माझे पांढरे केस पाहून ती जी सरकायची!

त्या औषधांतलं एक असं होतं, की त्यानं तोंडभर मुरमं येत. सोळाव्या वर्षी मला मुरमं आली होती तेव्हा मी आरशापुढं बसून रडायची. हळद, मुलतानी मिट्टी, डाळीचं पीठ, सगळं थापून झालं. आता आपल्याला कोण पसंत करणार, याच दुःखात तिमाही परीक्षा बुडवली. ती पोरगी आज भेटली तर तिला सांगेन, बाई, जपून रड, सासष्टाव्या वर्षी पुन्हा येणार आहेत, आणि तेव्हा तू देवापुढं नारळ फोडणार आहेस. कारण नसरीन मॅडम म्हणाली होती, "मुरमं आली म्हणजे औषध काम करून राहिलं."

आणि केलंही. यकृतावरचे डाग लहान झाले. मी पापड लाटले, लोकांच्या लग्नांना गेले. मग मुरमं कमी कमी होत गेली, आणि मी मूर्ख, त्याचाही आनंद मानला. पोटाच्या पुढच्या स्कॅनच्या फोटोत डाग पुन्हा मोठे दिसले.

*

त्या दिवशी तिनं बुढ्यांनाच विचारलं, "काका, कपाशीवर दरवर्षी एकच दवाई मारली तर काय होते?"

"किडे आयकत नाई."

"काहून नाई ऐकत?"

"जे मरत नाई, त्याहिचीच पिलावळ वाढते नं मंग."

"बस. आजीच्या पोटात तेच झालं."

हाच तिचा अभ्यासाचा विषय. आतड्याच्या कॅन्सरवर औषध चालता चालता का थांबतं, आणि थांबल्यावर पुढं काय करायचं. गाठीचा बारीक चुरा रक्तात तरंगत असतो म्हणे. त्यावरून औषधाला न जुमानणाऱ्या पेशी किती झाल्या ते ओळखता येतं. त्यासाठी ती दर महिन्याला माझी एक नळी रक्त जास्तीची घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची. मी सही दिली होती. सहीच्या आधी तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही. नंतरच्या कोणाला होईल."

दुसरं औषध देऊन झालं, मी खंगले, आणि तेव्हा तिनं सुट्टीचा विचार मांडला. म्हणाली, "औषधाशी झगडणाऱ्या पेशींना त्या झगड्याचीच सवय असते. समोर औषधच नसलं, तर त्यांचा जोर उतरतो आणि जुन्या साध्या पेशी त्यांना मागं टाकतात. तसं झालं तर पहिलं औषध पुन्हा लागू पडू शकतं. शकतं म्हणते मी. पडेलच असं नाही. हेच तर मी शोधून राहिली."

"अन् तवरोक वावर मोकळं?" बुढ्यांनी विचारलं.

"मोकळं. पण राखण करू. दर महिन्याला रक्त पाहू."

बुढ्यांनी मान हलवली. आम्हाला वाटलं, पटलं.

*

औषध बंद झालं ही बातमी गल्लीत आमच्या आधी पोचली. मी बसमधून उतरते तर समोरची काकू पदर डोळ्याला लावून उभी. "डॉक्टरनं सोडलं म्हने तुमाले."

"सोडलं नाई, सुट्टी देल्ली. शाळेला देत नाई का?"

"माय, किती धीराची हाय तू," म्हणत ती आणखीच रडली. मग लोक भेटायला यायला लागले. सफरचंदं आली. इतकी, की सफरचंद पाहिलं तरी मला आपला तेराव्याचा स्वयंपाक दिसायचा. प्रशांत रात्रंदिवस फोनवर, इकडे दाखवू, तिकडे दाखवू. वैशाली मला ऐकू येणार नाही अशा बेतानं रडायची. भिंती पातळ आहेत आमच्या.

आणि खरं सांगू? मला मात्र त्या सुट्टीत बरं वाटायला लागलं. पायात जोर आला. एक दिवस भाकरीचा वास आला, नुसता वास, आणि मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. अंबाडीच्या भाजीबरोबर अख्खी भाकर खाल्ली. भीती होतीच. पोटात कुठं दुखलं की वाटायचं, वाढला. पण भीती आणि भाकर एकाच पोटात मावतात, हे मला तेव्हा समजलं.

त्यात आणखी एक नवल झालं. बुढे कौंडण्यपूरला दर्शनाला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा त्यांनी करायला घेतला.

हे नवल का, ते समजून घ्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हिवताप आला होता. तेव्हा ह्यांनी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि जिनात निघून गेले. त्या एका तांब्याचं कौतुक मी माहेरी महिनाभर सांगत होते. इतक्या स्वस्तात पटणारी पोरगी होती ती! पुढं सगळा संसार झाला, पण गॅसची बटणं ह्यांना माहीत नव्हती. आणि आता हे गृहस्थ पहाटे उठून आलं ठेचतात, दूध उतू जाऊ देत नाहीत, कप बशीत ठेवून माझ्या खाटेशी आणतात.

चहा कडू असायचा. पण आधीच्या औषधानं माझी जीभ बिघडलेलीच होती, कधी पाणी लोखंडासारखं लागायचं, तर कधी वरण साबणासारखं. म्हटलं, दोष जिभेचा. आणि इतक्या वर्षांनी मिळालेल्या चहाला नावं ठेवायची माझी छाती नव्हती. उलट मी वैशालीला ऐकवायची, "पाय, याले म्हनतात नवरा."

*

मग यकृताचे आकडे बिघडले. एका महिन्यात थोडे, पुढच्या महिन्यात खूप. लघवी पिवळी झाली, अंगाला खाज सुटली. पुन्हा फोटो काढला. डाग वाढले होते, पण आकडे इतके चढावेत एवढे नाही.

नसरीन मॅडमनं कागद बाजूला सारला. "आजी, काही वेगळं घेता? झाडपाला, भस्म, कोणाची पुडी?"

"पोराची आन हाय मले. एक कन नाई."

"आठवून सांगा."

"अवं, काय आठवू? जे वैशाली वाढते ते खाते."

वैशालीनंही नाही म्हणून मान हलवली. नसरीन मॅडमनं कागद पुन्हा पुढं ओढून आकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "मग हा रोगच म्हणायचा. सुट्टी इथं संपली. पहिलं औषध आता या यकृताला झेपणार नाही. गोळ्या आहेत एक प्रकारच्या, त्या सुरू करू. खोटं नाही सांगत, त्या फार काही करत नाहीत."

मला एवढंच कळलं, की परतीची वाट बंद झाली. प्रशांत उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात बुढे म्हणाले, "मॅडम, थांबा जरा."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"चहात मी टाकतो."

"काय टाकता?"

"पुडी. कौंडन्यपुराले भेटला होता एक मानूस. डॉक्टर सोडते तिथं लागू पडते म्हने."

"केव्हापासून?"

"तुमी दवाई बंद केली तवापासून."

माझ्या तोंडून निघालं, "बापा! म्हनून कडू लागे काय तो! अन् मी आपल्या जिभेले शिव्या देऊन राहिली!"

कोणी हसलं नाही. नसरीन मॅडम उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. तिला इतकी चिडलेली मी तोवर पाहिली नव्हती. "काका, त्या पुडीनं आजी गेली असती, आणि मी लिहून ठेवलं असतं, की सुट्टी दिली म्हणून रोगानं गेली. ते वाचून कोणी दुसऱ्याला सुट्टी दिली नसती. किती लोकांचा रस्ता बंद झाला असता, माहीत आहे?"

बुढ्यांनी मान खाली घातली होती. म्हणाले, "तुमीच सांगतलं नं मॅडम, फवारा बंद. जिंदगीत कवा उभं पीक मोकळं सोडलं नाई मी. रोज सकायी हिच्याकडे पाहो, अन् वाटे, किडे खाऊन राहिले, अन् मी हात बांधून बसलो. काईतरी मारल्याबिगर राह्यवे नाई."

तिचा राग तिथंच उतरला असं मी म्हणणार नाही. पण ती खाली बसली. "पुडी उद्याच्या उद्या इथं आणून द्या. गोळ्या आत्ता नको. थांबू. आकडे उतरतात का पाहू."

परतीच्या बसमध्ये बडनेरा गेलं तरी आम्ही दोघं बोललो नाही. मग मीच विचारलं, "अंदाजानं टाकत होते, का मोजून?"

"मोजून," ते म्हणाले. "तांदुयाच्या दान्याएवढं. कमी नाई, जास्त नाई."

काट्यावरचा माणूस. विषसुद्धा बरोब्बर वजनात.

*

सगळ्या आजारपणात वाईट दिवस कोणते, असं मला विचारलं तर मी ऑपरेशनचे सांगणार नाही, सलाईनचेही नाही. त्या पुडीनंतरचे सांगेन. आकडे पुडीमुळं चढले की रोगामुळं, ते कोणालाच माहीत नव्हतं. उतरले तर वाट मोकळी, नाही उतरले तर त्या नावापुरत्या गोळ्या. तोवर नुसतं बसायचं. प्रशांतनं बापाशी बोलणं टाकलं. एकाच घरात बापापुढं ताट ठेवून जायचा, पण "बाबा" म्हणायचा नाही. एक दिवस ओरडलाच, "मारून टाकलं असतं तुम्ही तिले!"

मी म्हटलं, "प्रशांत, नवरा माहा हाय अन् यकृत बी माहंच हाय. भांडाचं असन तर मी भांडीन. तू जेव."

पण भांडले नाही. का, ते सांगते. राग आला होता, फार आला होता. तरी एक गोष्ट मनातून जाईना. आजारी माणसाला काहीच करायचं नसतं, नुसतं आजारी राहायचं असतं. जो शेजारी बसून पाहतो, त्याचे हात मोकळे असतात, आणि मोकळे हात फार वाईट. माझ्या जागी ते असते, तर मी काय काय चहात कालवलं असतं देव जाणे. सुरण तर नक्कीच.

आकडे उतरायला लागले. आधी थोडे, मग बरेच. नसरीन मॅडमनं स्वतः फोन करून सांगितलं. पुढं प्रयोगशाळेतूनही कळलं, की औषधाला न जुमानणाऱ्या पेशी कमी झाल्या आहेत. पहिलं औषध पुन्हा सुरू झालं. तोंडावर पुरळ उठलं तेव्हा वैशालीनं पेढे आणले. नंतरच्या फोटोत डाग लहान दिसले. आज मी हे बसून लिहिते आहे ते त्या औषधाच्या जिवावर.

वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. नसरीन मॅडम आता पेशंटला "काही वेगळं घेता का" असं विचारत नाही. बरोबर आलेल्या माणसाला बाजूला नेते आणि विचारते, "तुम्ही काय देता?" तिच्या टेबलाचा एक खण पुड्या, बाटल्या आणि ताइतांनी भरला आहे म्हणे. तेव्हा कोणी देत असाल तर आजच सांगून टाका. रागावेल, पण हाकलणार नाही. आणि पेशंट असाल, तर चहा कडू लागला की जिभेवर ढकलू नका. विचारा.

गेल्या खेपेला बुढ्यांनी तिला सरळ विचारलं, "हे औषध पुन्हा थकन काय?"

"थकेल, काका. केव्हा, ते मलाही माहीत नाही."

"मंग पुन्हा सुट्टी?"

"बहुतेक."

"तवा मी काय करू? मले काईतरी काम सांगा. बिनाकामाचं माह्याच्यानं नाई होत."

तिनं विचार केला. मला वाटलं, आता देवाचं नाव घ्या म्हणेल. ती म्हणाली, "रोज सकाळी आजीला उजेडात न्या. पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहा. पिवळा दिसला तर लगेच मला फोन. एवढंच काम. पण एकही दिवस चुकवायचं नाही."

सुट्टी अजून लागायची आहे, पण बुढ्यांनी काम सुरूही केलं. रोज सकाळी मला अंगणात नेऊन उगवतीकडे तोंड करून उभी करतात, आपला चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसतात, आणि अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढून वाकून पाहतात. एक डोळा, मग दुसरा.

"काय दिसते?" मी विचारते.

"पांढरे हाय."

"मंग सोडा नं आता."

"थांब," ते म्हणतात, "पाहू दे."